क्यूटी डिझायनरमधला दोन पिक्सेलचा फरक: तो बग आहे का, आणि असेल तर रिपोर्ट कसा लिहायचा

क्यूटी ही प्रोग्रामच्या खिडक्या बनवण्याची लायब्ररी, आणि त्या खिडक्या माउसने ओढून मांडायचे साधन म्हणजे क्यूटी डिझायनर. त्यात मांडलेल्या खिडकीला फॉर्म म्हणतात. डिझायनरमध्ये नीट बसलेला फॉर्म प्रोग्राम चालवला की दोन पिक्सेल सरकतो. एक रेघ जाड आणि तिच्या शेजारची बारीक दिसते. कॅनव्हासवर राखाडी असलेले पॅनेल प्रत्यक्षात पांढरे येते. अशा बारीक फरकांचे रिपोर्ट बरेच जण टाकतात आणि त्यातले पुष्कळसे 'आमच्याकडे असे दिसत नाही' या उत्तरापाशी अडकून राहतात. फरक नेमका कोणत्या दोन गोष्टींमध्ये आहे हे आधी न ठरवताच रिपोर्ट लिहिला, की असे होते. 'विचित्र दिसते' एवढ्या माहितीवर समोरच्याला काहीही करता येत नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम मोडला की एका वेळी दोन गोष्टी बदलतात, आणि मग फरक कशामुळे गेला हे कळत नाही.

## टप्पा १: काहीही हलवण्याआधी नोंद करा

फरक दिसला की पहिला मोह असतो तो मार्जिन ओढून जुळवण्याचा. ते करू नका. यूआय फाइलची (डिझायनर फॉर्म जिच्यात साठवतो ती) प्रत काढून बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मग या गोष्टी लिहून घ्या:

- डिझायनरची आणि त्यामागच्या क्यूटीची आवृत्ती. 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट' पर्यायांत ती मिळते.
- तुमचा प्रोग्राम ज्या क्यूटीवर चालतो तिची आवृत्ती. ती प्रोग्राममधूनच छापून घ्या, अंदाजाने लिहू नका.
- ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्स असेल तर डेस्कटॉप कोणता, आणि तो वेलँडवर चालतो की एक्स ११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन यंत्रणा).
- स्क्रीनचे स्केलिंग: १००, १२५, १५० की २०० टक्के.
- प्रोग्राम कोणत्या स्टाइलने (बटणे, चौकटी कशा काढायच्या हे ठरवणारा क्यूटीचा भाग) रंगतो. क्यूटी ६.१ पासून स्टाइलला तिचे नाव थेट विचारता येते. त्याआधीच्या आवृत्त्यांत स्टाइलच्या ऑब्जेक्टनेमवरून कळते.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा चुकतो. लिनक्सवर डिझायनर वितरणाच्या पॅकेजमधून आलेला असतो आणि पायसाइड६ किंवा पायक्यूटी (पायथनमधून क्यूटी वापरण्याची पॅकेजे) पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) घातलेले असते. पिपने आलेले पॅकेज आपली वेगळी क्यूटी सोबत आणते आणि तिला वितरणाच्या थीमचे प्लगइन सहसा सापडत नाही. परिणामी डिझायनर ब्रीझमध्ये (केडीई डेस्कटॉपची स्टाइल) दिसतो आणि प्रोग्राम फ्युजनमध्ये (क्यूटीची स्वतःची स्टाइल). बटणाची उंची, चेकबॉक्समधली जागा, ग्रुपबॉक्सच्या शीर्षकाची जागा सगळे बदलते. दोन वेगळ्या स्टाइल दोन वेगळी चित्रे काढतात, यात बग काही नाही.

तपासा: डिझायनर आणि प्रोग्राम यांच्या क्यूटी आवृत्त्या वेगळ्या निघाल्या तर इथेच थांबा आणि आधी त्या एक करा. पायसाइड६ वापरत असाल तर त्याच पॅकेजसोबत येणारा डिझायनर चालवणे हा सर्वांत सोपा मार्ग. टर्मिनलवर 'पायसाइड६-डिझायनर' ही आज्ञा दिली की तो उघडतो.

## टप्पा २: एकच फॉर्म तीन ठिकाणी बघा

एक फॉर्म तुम्हाला तीन ठिकाणी दिसतो: डिझायनरच्या कॅनव्हासवर, प्रिव्ह्यूमध्ये आणि चालत्या प्रोग्राममध्ये. बहुतेक जण कॅनव्हास आणि प्रोग्राम एवढीच तुलना करतात आणि मधला प्रिव्ह्यू सोडून देतात. खरे तर निम्मे उत्तर प्रिव्ह्यूच देतो.

१. कॅनव्हासचा स्क्रीनशॉट घ्या.

२. कंट्रोल आणि आर दाबून प्रिव्ह्यू उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

३. तुमचा खरा प्रोग्राम बाजूला ठेवा. पाच-सहा ओळींचा नवा प्रोग्राम लिहा: ॲप्लिकेशन बनवायचे, यूआय फाइल लोड करायची, विंडो दाखवायची. स्टाइल, फॉन्ट, स्टाइलशीट (रंग, कडा वगैरे ठरवणारे लेखी नियम) काहीही लावायचे नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

आता निष्कर्ष काढा. प्रिव्ह्यू आणि छोटा प्रोग्राम जुळतात आणि कॅनव्हास एकटाच वेगळा असेल, तर मामला डिझायनरच्या कॅनव्हासचा. कॅनव्हास आणि प्रिव्ह्यू जुळतात पण छोटा प्रोग्राम वेगळा असेल, तर आवृत्ती किंवा स्टाइल वेगळी आहे, पहिल्या टप्प्यावर परत जा. तिन्ही सारखेच आणि तिन्ही चुकलेले असतील, तर डिझायनरचा काही संबंध नाही. चूक विजेटमध्ये (बटण, लेबल असा खिडकीतला घटक) किंवा स्टाइलमध्ये आहे, आणि तो कोड क्यूटीच्या क्यूटीबेस या भागात राहतो. डिझायनरचा कोड क्यूटीटूल्समध्ये असतो. चुकीच्या घटकाखाली टाकलेला रिपोर्ट योग्य माणसापर्यंत उशिरा पोहोचतो.

चौथी शक्यता: तिन्ही जुळतात, बरोबरही आहेत, फक्त तुमचा खरा प्रोग्राम वेगळा दिसतो. मग सुरुवातीच्या कोडात कोणी ॲप्लिकेशनला स्टाइलशीट लावली आहे का, फॉन्ट बदलला आहे का, ते बघा. ॲप्लिकेशनला लावलेली स्टाइलशीट यूआय फाइलमध्ये नसते, त्यामुळे डिझायनरला ती दिसणे शक्यच नाही.

सावधान: डिझायनरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'फॉर्म्स' पानावर प्रिव्ह्यूसाठी वेगळी स्टाइल, वेगळी स्टाइलशीट आणि डिव्हाइस स्किनही निवडता येते. कधीकाळी कोणी ती निवडून ठेवली असेल तर प्रिव्ह्यू कायम वेगळाच दिसणार. याच खिडकीत 'एम्बेडेड डिझाइन'चे पान आहे. तिथल्या डिव्हाइस प्रोफाइलमध्ये फॉन्ट, स्टाइल आणि डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) ठरवता येतात. दोन्ही पाने कोरी असल्याची खात्री करा.

सावधान: क्यूटी क्रिएटरच्या (डिझायनर आतच असलेला क्यूटीचा कोड एडिटर) 'डिझाइन' मोडमध्ये फरक दिसत असेल तर तोच फॉर्म स्वतंत्र डिझायनरमध्येही उघडा. क्रिएटरची थीम स्वतःची असते. फरक फक्त क्रिएटरमध्ये दिसला तर रिपोर्टही क्रिएटरच्या नावे जायला हवा.

## टप्पा ३: नेहमीचे संशयित वगळा

या टप्प्याला भरपूर वेळ द्या. बहुतेक 'बग' इथेच मिटतात.

मार्जिनचे ९ आणि ११. सगळ्यात जास्त विचारला जाणारा दोन पिक्सेलचा फरक हाच. फॉर्मवर लेआउट (विजेटे आपोआप ओळीत बसवणारी रचना) लावा, प्रॉपर्टी एडिटरमध्ये अगदी खाली 'लेआउट' विभागात जा. डावे, वरचे, उजवे, खालचे मार्जिन ९ दिसेल. आता प्रिव्ह्यू उघडून कडेपासून पहिल्या विजेटपर्यंत मोजा, ११ भरू शकेल. तुम्ही मार्जिन स्वतः दिले नसेल, तर लेआउट ते स्टाइलकडे मागतो. क्यूटीच्या सर्वसाधारण स्टाइलमध्ये स्वतंत्र विंडोसाठी ११ आणि दुसऱ्या विजेटच्या आत बसलेल्या विजेटसाठी ९ असे दोन वेगळे आकडे ठेवलेले आहेत. कॅनव्हासवर तुमचा फॉर्म डिझायनरच्या विंडोच्या आत बसलेला असतो, म्हणून त्याला ९ मिळतात. प्रिव्ह्यूत तोच फॉर्म स्वतंत्र विंडो होतो आणि त्याला ११ मिळतात. मॅकची स्टाइल आपले वेगळे आकडे वापरते, त्यामुळे तिथे फरक आणखी निराळा.

खात्री दोन प्रकारे करा. प्रॉपर्टी एडिटरमध्ये बदललेल्या प्रॉपर्टीचे नाव ठळक अक्षरांत असते. मार्जिनचे नाव साध्या अक्षरांत असेल तर तो आकडा फाइलमध्ये नाही, स्टाइलने पुरवला आहे. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: यूआय फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ती एक्सएमएल असते आणि सहज वाचता येते. लेआउटच्या टॅगखाली मार्जिनच्या ओळी नसतील तर निर्णय स्टाइलचा. चारही मार्जिन हाताने भरा आणि पुन्हा तुलना करा. फरक गेला तर रिपोर्ट टाकायची गरज नाही. माझ्या मते ज्या फॉर्मची बारकाईने मांडणी करायची आहे, त्यात मार्जिन आणि स्पेसिंग नेहमी स्पष्ट लिहावे. स्टाइलवर सोपवलेला आकडा मशीन बदलले की बदलतो.

एक बारकावा: ९ दिसतंय तिथे पुन्हा ९ टाइप केले की आकडा पक्का झालाच असे समजू नका. नाव ठळक झाले का ते बघा. ठळक झाले नसेल तर आकडा एकदा बदलून परत ९ करा. उजवीकडचे रिसेटचे बटण दाबले की आकडा पुन्हा स्टाइलच्या हाती जातो.

अपूर्णांकातले स्केलिंग. १२५ किंवा १५० टक्क्यांवर एक पिक्सेलच्या रेघा असमान दिसतात. हिशोब करून बघा. १२५ टक्क्यांवर वरून १ या अंतरावर असलेली एक पिक्सेलची रेघ पडद्यावर १.२५ पासून २.५ पर्यंत जाते. पूर्णांकात आणले की १ ते ३, म्हणजे दोन पिक्सेल जाड. तीच रेघ २ या अंतरावर ठेवली तर २.५ ते ३.७५, म्हणजे ३ ते ४, एक पिक्सेल जाड. रेघ तीच, जागा बदलली म्हणून जाडी बदलली. क्यूटी ५ मध्ये हाय-डीपीआय स्केलिंग स्वतः चालू करावे लागे आणि ५.१४ पासूनच्या मूळ धोरणात घटक पूर्णांकात आणला जाई. क्यूटी ६ मध्ये स्केलिंग कायम चालू असते आणि १.२५ हा घटक जसाच्या तसा वापरला जातो. म्हणून क्यूटी ५ वरून ६ वर आलेल्यांना हा फरक अचानक दिसू लागतो.

तपासणी सोपी आहे. सिस्टीमचे स्केलिंग १०० वर आणा, लॉगआउट करून परत या आणि बघा. नंतर २०० वर बघा. १०० आणि २०० वर फरक नसेल आणि फक्त १२५-१५० वर असेल, तर रिपोर्टमध्ये हीच गोष्ट पहिल्या वाक्यात यायला हवी.

तपासा: दोन मॉनिटर असतील तर डिझायनर आणि प्रोग्राम एकाच मॉनिटरवर ठेवून तुलना करा. लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० वर असा जोड आपल्याकडे सर्रास असतो.

प्रमोट केलेले विजेट. तुम्ही साधे विजेट ठेवून ते तुमच्या क्लासला प्रमोट केले (म्हणजे प्रोग्राममध्ये त्याच्या जागी तुमचा क्लास वापरायला सांगितले) असेल, तर डिझायनर मूळचे साधे विजेटच दाखवतो. तुमचा कोड त्याच्याकडे नसतो. स्टाइलशीटमधून पार्श्वभूमीचा रंग दिला असेल तर कॅनव्हासवर रंग येतो आणि प्रोग्राममध्ये येत नाही. साध्या क्यूविजेटपासून बनवलेल्या क्लासला पार्श्वभूमी रंगवण्यासाठी पेंट इव्हेंट लिहावा लागतो किंवा स्टाइल्ड बॅकग्राउंडचा ॲट्रिब्यूट लावावा लागतो. क्यूटीच्या दस्तऐवजात हे नमूद आहे, त्यामुळे यावरचा रिपोर्ट लगेच बंद होईल.

देवनागरी मजकूर. मराठी लेबले असलेल्या फॉर्मवर हे हमखास होते. इंग्रजी मजकूर ठेवून लेबलाची उंची पक्की केली, नंतर 'वार्षिक कीर्तन' किंवा 'पूर्ती' असा मजकूर घातला, की वरची वेलांटी आणि रफार किंवा खालचा उकार कापला जातो. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर सिस्टीम दुसरा फॉन्ट उचलते. विंडोजवर तो बहुधा निर्मला असतो, लिनक्सवर नोटो किंवा लोहित, मॅकवर कोहिनूर. या फॉन्टांची अक्षरे वर-खाली सारखी पसरत नाहीत. त्यामुळे तुमच्या मशीनवर बसलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर कापला जातो. उंची मोकळी सोडा आणि फॉन्ट स्पष्ट निवडा. त्यानंतरही मजकूर कापला जात असेल तर मात्र रिपोर्ट टाकाच. देवनागरी वापरणाऱ्यांनी कळवले नाही तर या चुका दुसऱ्या कोणाला दिसणार नाहीत.

लेआउटच नसणे. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये एखाद्या कंटेनरपुढे लाल खूण दिसत असेल तर त्याला लेआउट नाही. आतली विजेटे ठरावीक जागी खिळलेली आहेत, आणि फॉन्ट किंवा स्टाइल बदलली की ती एकमेकांवर चढणार. आधी लेआउट लावा.

## टप्पा ४: फरक मोजा

नुसते डोळ्यांना दिसले म्हणून भागत नाही. दोन्ही स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये जतन करा. जेपीजीमध्ये कडांभोवती डाग पडतात, आणि व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवलेले चित्र दाबले जाऊन येते. असे चित्र पिक्सेल मोजायला निरुपयोगी.

गिम्प या चित्र-संपादकात दोन्ही चित्रे एकावर एक थर म्हणून ठेवा, वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' करा. जिथे दोन्ही चित्रे सारखी तिथे शुद्ध काळे दिसेल, जिथे फरक तिथे उजळ. मग ८०० टक्के झूम करून त्या जागेवर पिक्सेल मोजा. डोळ्यांनी तासभर न सापडणारी गोष्ट इथे लगेच उजेडात येते.

सावधान: अक्षरांच्या कडेला रंगीत किनार दिसली तर घाबरू नका. ती अक्षरे गुळगुळीत दाखवण्याच्या पद्धतीतून येते. कडा, रेघा आणि विजेटांच्या जागा एवढ्याकडेच लक्ष द्या.

## टप्पा ५: फॉर्म छाटत जा

रिपोर्टला जोडायची फाइल जितकी लहान, तितकी तो सुटण्याची शक्यता जास्त. चाळीस विजेटांचा फॉर्म कोणी चाळत बसणार नाही.

प्रतीमधली निम्मी विजेटे काढा. फरक अजून आहे का? असेल तर उरलेल्यातली निम्मी काढा. नसेल तर परत आणा आणि दुसरी निम्मी काढा. हे करताना रिसोर्स फाइलचे आयकॉन, प्रमोट केलेले क्लास आणि स्टाइलशीट सगळ्यात आधी काढून टाका. ते काढल्यावर फरक गेला तर कारण मिळालेच. शेवटी दोन-तीन विजेटे आणि एक लेआउट उरला पाहिजे.

कंपनीच्या कामाचा फॉर्म असेल तर ग्राहकाचे नाव, खात्यांची नावे, विंडोचे शीर्षक बदला. यूआय फाइल साधा मजकूर असते आणि बग नोंदवायच्या ट्रॅकरवर ती सगळ्यांना दिसते.

तपासा: छाटलेली फाइल कोऱ्या सेटिंगवर उघडा. नवे यूजर खाते बनवणे सगळ्यात बिनचूक. लिनक्सवर कॉन्फिग फोल्डरातल्या 'क्यूटीप्रोजेक्ट' या उपफोल्डरात डिझायनरची सेटिंग फाइल असते. डिझायनर बंद करून तिचे नाव बदलले तरी चालते. फाइल पुसू नका, नाव बदला.

## टप्पा ६: आधी बरोबर दिसत होते का?

'मागच्या आवृत्तीत बरोबर होते' हे सिद्ध करता आले तर रिपोर्टचे वजन वाढते. वेगवेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (पायथनच्या एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या जागांत) पायसाइड६ च्या वेगवेगळ्या आवृत्त्या पिपने घाला आणि प्रत्येकातला डिझायनर उघडून तीच छोटी फाइल बघा. मधली आवृत्ती आधी तपासा म्हणजे निम्म्या चाचण्या वाचतात. विंडोज ११ वर असाल तर ६.७ च्या अलीकडे-पलीकडे जरूर बघा: ६.७ पासून तिथे विंडोज ११ ची नवी स्टाइल मूळ म्हणून येते. फरक त्याच जागी सुरू होत असेल तर 'फॉर्म' मेनूतल्या 'प्रिव्ह्यू इन'मधून फ्युजन निवडून बघा. फ्युजनमध्ये सगळे ठीक असेल तर चूक नव्या स्टाइलची, डिझायनरची नाही.

## टप्पा ७: रिपोर्ट

आधी क्यूटीच्या जिरा ट्रॅकरवर शोधा. विजेटचे नाव, 'डिझायनर' आणि 'मार्जिन' किंवा 'अलाइनमेंट' अशा दोन-तीन शब्दांच्या जोड्या वापरा. तोच बग आधीच असेल तर त्याला मत द्या. तुमची आवृत्ती किंवा स्केलिंग वेगळे असेल तरच कॉमेंट लिहा. 'मलाही' एवढ्यासाठी लिहू नका.

रिपोर्ट इंग्रजीत लागतो, पण साधी, तुटक वाक्ये पुरतात. शीर्षकात विजेट, ठिकाण आणि अट या तीन गोष्टी याव्यात. 'डिझायनर नीट दिसत नाही' हे शीर्षक कोणाच्या कामाचे नाही. 'ग्रुपबॉक्सचे शीर्षक कॅनव्हासवर प्रिव्ह्यूपेक्षा दोन पिक्सेल खाली, फ्युजन, १२५ टक्के' हे कामाचे. मजकूर असा:

१. जोडलेली फाइल डिझायनरमध्ये उघडा.

२. कंट्रोल आणि आर दाबा.

३. दोन्हीकडे ग्रुपबॉक्सच्या शीर्षकाची वरची कड पहा.

अपेक्षित: दोन्हीकडे सारखे अंतर. प्रत्यक्षात: कॅनव्हासवर दोन पिक्सेल जास्त.

त्याखाली पहिल्या टप्प्यातली नोंद आणि तिसऱ्या टप्प्यात काय काय वगळले ते दोन-तीन ओळींत लिहा. छाटलेली यूआय फाइल, दोन्ही स्क्रीनशॉट आणि फरकाचे चित्र जोडा. एका रिपोर्टमध्ये एकच फरक. दुसरा दिसला असेल तर दुसरा रिपोर्ट.

प्राधान्य पी० पासून पी५ पर्यंत असते आणि ते सांभाळणारे लोक ठरवतात. दोन पिक्सेलचा फरक खालच्या पायरीवर जाईल, त्यावर वाद घालू नका. फाइल जोडलेली असेल तर कोणीतरी डिझायनरच्या त्याच भागात काम करताना तो सहज उचलतो. प्रश्न विचारला गेला तर मात्र लवकर उत्तर द्या, कारण माहिती न मिळाल्यास रिपोर्ट बंद केला जातो.

## टप्पा ८: तोवर काम कसे चालवायचे

कॅनव्हासपुरताच फरक असेल तर फॉर्ममध्ये काही बदलू नका. वापरणाऱ्याला कॅनव्हास दिसत नाही. कॅनव्हास सरळ दिसावा म्हणून आकडे फिरवले तर चालता प्रोग्राम बिघडेल.

फरक प्रोग्राममध्येही असेल आणि तात्पुरता उपाय करावाच लागला, तर तो यूआय फाइलमध्ये करू नका. विंडो बनवल्यानंतर कोडात एका ठिकाणी करा आणि वर कॉमेंटमध्ये रिपोर्टचा क्रमांक लिहा. नवी आवृत्ती आली की ती ओळ बंद करून छोटी फाइल पुन्हा तिन्ही ठिकाणी बघा. तिन्ही जुळली की ओळ काढून टाका आणि ती आवृत्ती रिपोर्टवर कळवा.